चार-दहाची प्रत

१

ही गोष्ट नेमकी कोणत्या वर्षीची, हे प्राध्यापकांना आता छातीठोकपणे सांगता येत नाही. अक्काचं ऑपरेशन त्याच आठवड्यात होतं, म्हणजे ते स्वतः शहात्तर वर्षांचे असावेत. पण मग समोरच्या कारखान्याचं काय? आठवणीत त्यांना त्या दुपारी कारखान्याचा भोंगा ऐकू येतो, आणि अक्काच्या म्हणण्याप्रमाणे तो भोंगा त्याआधीच दोन वर्षं कायमचा थांबला होता. उभा जन्म दुसऱ्यांच्या हस्तलिखितांतल्या चुका शोधण्यात गेला. स्वतःच्या आठवणीची मात्र एक प्रत दुसरीशी जुळेल तर शपथ.

जुन्या पोथ्यांच्या निरनिराळ्या नकला समोरासमोर मांडायच्या, त्यांतले फरक टिपायचे आणि मूळ मजकूर काय असेल ते ठरवायचं, हा त्यांचा धंदा. वर्गात पहिल्याच दिवशी ते एक नियम सांगत: नकलणारा माणूस अवघड ते सोपं करतो, सोपं ते अवघड कधी करत नाही. म्हणून दोन प्रतींत फरक दिसला, तर जी ओळ विचित्र, अडखळवणारी, तीच बहुधा खरी. पस्तीस वर्षं हा नियम त्यांनी दुसऱ्यांना लावला.

निवृत्तीनंतरचा दिवस घड्याळासारखा होता. दोन वाजता संगणकासमोर बसायचं, साडेचारला उठून अक्काबरोबर चहा घ्यायचा. टेबल भिंतीला लागून, पाठ दाराकडे. टेबलाच्या वर एक लांब फळी होती आणि तिच्यावर खाकी कागद अंथरून शब्दकोश रचलेले. फळी आईच्या खोलीतली. जुनं घर सोडलं तेव्हा सामानाबरोबर आली आणि ते कॉलेजातून परतायच्या आत सुतारानं ती इथं ठोकूनही टाकली होती. पलीकडच्या खोलीत अक्काचा रेडिओ चालू असायचा. एक्क्याऐंशी वर्षांच्या अक्काला ऐकू कमी येई, त्यामुळे बातम्या सगळ्या मजल्याला मिळत.

त्या आठवड्यात ते आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल लिहीत होते. अक्कानंच तगादा लावला होता.

"गुरुवारी मला आत नेणार, पोथ्या," ती म्हणाली होती. लहानपणापासून ती त्यांना पोथ्याच म्हणायची. "छाती उघडणार म्हणजे भरवसा नाही. बुधवारपर्यंत लिहून वाचून दाखव. मी नव्हते ना तिथं."

अक्का तेव्हा नोकरीनिमित्त दोन दिवसांच्या वाटेवर होती. पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून दरवर्षी एकदा तरी ती विचारायची, "शेवटी काही बोलली का रे आई?" आणि प्राध्यापक दरवर्षी सांगायचे, "नाही गं. झोपेतच गेली."

तेवढंच चौदा पानांत नीट लिहायचं होतं.

२

शुक्रवारी दुपारी पावणेतीनला प्रोग्राम पहिल्यांदा बंद पडला. त्यांनी मजकूर सेव्ह करायला बटण दाबलं आणि पान हळूहळू फिकट झालं, उन्हात ठेवलेल्या कागदासारखं. मग चौकट आली: अडचण आल्यामुळे प्रोग्राम बंद करावा लागत आहे. पडदा काळा झाला.

त्यांनी तो पुन्हा उघडला. डावीकडे एक अरुंद पट्टी आली होती. बंद पडताना संगणकानं मजकुराची जी प्रत सांभाळून ठेवली होती, ती तिथं दिसत होती. नावापुढे वेळ होती चार वाजून दहा मिनिटं.

भिंतीवर तीन वाजायला दहा मिनिटं होती. संगणकाच्या कोपऱ्यातल्या घड्याळातही तेवढेच. प्राध्यापकांनी चष्मा पुसला. काल साडेचारपर्यंत बसलो होतो, कालची असेल, असं म्हणून त्यांनी ती उघडली. पण तीत आजचे दोन परिच्छेदही होते.

शनिवारी तो तीनदा बंद पडला. अकरा वाजता, दोनला आणि साडेतीनला. तिन्ही प्रतींवर वेळ एकच होती.

"अगं, हे चार-दहा म्हणतंय," ते चहाच्या वेळी अक्काला म्हणाले.

"मग चहाला उशीर झाला म्हण," अक्का म्हणाली. "आणि त्या डब्याला माणूस बोलाव. बुधवार काही तुझ्यासाठी थांबणार नाही."

३

संगणक दुरुस्त करणाऱ्या बाई रविवारी आल्या. पन्नाशीच्या, गळ्यात साखळीला चष्मा, आणि हातात सुईण आणते तसली फुगलेली पिशवी. त्यांनी आधी संगणकाच्या चारी बाजूंनी वारा कुठून जातो ते पाहिलं, मग खुर्ची ओढली.

"प्रिंटर कुठाय, सर?"

"मोडला. गेल्या वर्षीच काढून टाकला. आता खालच्या दुकानातून छापून आणतो."

"तुम्ही काढला, पण याच्या यादीत तो अजून जिवंत आहे. दर वेळी हा त्याला हाक मारतो, उत्तर येत नाही, मग गुदमरतो." त्यांनी दोन-तीन बटणं दाबली. "काढला. आता शुद्धलेखन तपासणारा बंद करू. बाकीची बांडगुळंही छाटू."

सगळं छाटून झालं. प्राध्यापकांनी फाइल उघडून सेव्ह केली. पान फिकट झालं.

"हट्टी आहे," बाई म्हणाल्या. "आता एक गंमत सांगते. फाइलीतला बिघाड पुष्कळदा अगदी शेवटच्या परिच्छेदाच्या खुणेत साठून बसतो. ती खूण तेवढी सोडायची, बाकी सगळं उचलून नव्या फाइलीत ठेवायचं."

प्राध्यापकांना हे फार आवडलं. नकलणारेही शेवटच्या ओळीतच स्वतःचं नाव, तिथी आणि चुका सोडून जात. पण नव्या फाइलीनंही मान टाकली.

वेळेचं विचारल्यावर बाईंनी संगणकाचं घड्याळ चालवणारा आतला गोल सेल बदलला. नवीन प्रत आली. चार-दहा.

"मग शेवटचा उपाय," बाई पिशवी आवरत म्हणाल्या. "अर्ध-अर्ध करा. निम्मी पानं एका फाइलीत, निम्मी दुसरीत. जी बंद पडेल तिचे पुन्हा दोन भाग. बिघाड कुठं आहे ते आपोआप हाती लागतं. चिकाटीचं काम आहे, पण तुम्ही काय, पोथ्यांतली माणसं."

४

सोमवारची दुपार त्यात गेली. चौदा पानांची सात झाली. पहिली सात बिनतक्रार सेव्ह झाली: आजार, औषधं, डॉक्टर, अक्काची पत्रं. दुसऱ्या सातांनी पान फिकट केलं. मग साडेतीन पानं, मग पावणेदोन. प्राध्यापक कागदावर खुणा करत होते आणि त्यांना उगाच असं वाटत होतं की आपण एका घरात एकेक खोली बंद करत चाललो आहोत, आणि जे कोणी आत आहे ते मागे मागे सरकत शेवटच्या खोलीत जाऊन बसतं आहे.

चार वाजायच्या सुमारास एक परिच्छेद उरला. मग एक वाक्य.

आई झोपली होती, म्हणून मी दारातूनच परत फिरलो.

एवढं एक वाक्य कोऱ्या फाइलीत ठेवलं तरी प्रोग्राम बंद पडत होता. ते काढलं की चौदाच्या चौदा पानं गुण्यागोविंदानं सेव्ह होत होती.

मंगळवारी सकाळी बाई पुन्हा आल्या.

"एका वाक्यानं प्रोग्राम बंद पडत नसतो, सर," त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या. त्यांनी ते वाक्य स्वतःच्या बोटांनी टाइप केलं आणि सेव्ह केलं. काहीही झालं नाही. पुन्हा केलं. काही नाही. "बघा! आता तुम्ही."

प्राध्यापक बसले. अक्षरन् अक्षर तेच टाइप केलं. पान फिकट झालं.

बाई हसायला गेल्या आणि हसल्या नाहीत. "तुम्ही बटण जोरात दाबता का?" त्यांनी विचारलं, पण उत्तराची वाट पाहिली नाही. दाराशी चप्पल घालताना म्हणाल्या, "वाक्य बदला ना, सर. वाक्यांचा काय दुष्काळ पडलाय?"

त्यांनी बदललं. आईचा डोळा लागला होता. ती गाढ निजली होती. तिला झोप लागलेली पाहून मी मागे वळलो. प्रत्येक वेळी तेच. पडदा काळा, आणि डावीकडे चार-दहाची नवी प्रत.

५

इतका वेळ त्यांनी त्या प्रती नीट वाचल्याच नव्हत्या. जन्मभर जे काम केलं ते इथं सुचू नये, याची त्यांना नंतर लाज वाटली. मंगळवारी दुपारी त्यांनी सगळ्या प्रती खालच्या दुकानातून छापून आणल्या आणि सवयीप्रमाणे पानांच्या कोपऱ्यात क, ख, ग, घ अशी नावं टाकून त्या टेबलावर ओळीनं मांडल्या.

शुक्रवारची क: आई होती, म्हणून मी दारातूनच परत फिरलो.

शनिवारची ख: आई होती. तो दारातूनच परत फिरला.

सोमवारची ग: तो दारात आहे. हातात पेन, टोपण दातांत.

आजची घ: तो दारात आहे. हातात पेन, टोपण दातांत. हाक मारली. त्याला वाटलं रेडिओ. वर लिहिलंय, ही बाजू वर. ते वाचत पडले आहे.

प्राध्यापकांनी कागद घेऊन आक्षेप लिहायला सुरुवात केली, जसे ते विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवर लिहीत.

पेनचं टोपण दातांत धरायची सवय त्यांना खरोखरच होती, पण ती त्यांची त्यांना माहीत होती. आई गेली त्या दिवशी ते शेजारच्या खोलीत प्रबंध लिहीत होते आणि एक वाक्य अर्ध्यावर होतं, हेही माहीत होतं. आईच्या उशाशी रेडिओ होता. म्हणजे हे सगळं स्वतःच पेंगताना टाइप केलं आणि विसरलो, असं म्हणायला जागा होती. म्हातारपणी माणूस याहून मोठ्या गोष्टी विसरतो. शिवाय आई दुपारी चष्मा काढून ठेवायची. नंबर प्राध्यापकांच्या आताच्या नंबराएवढाच, चष्म्याशिवाय तिला वर्तमानपत्रातलं अक्षर दिसत नसे. ती पडल्या पडल्या काय वाचणार?

राहता राहिली एक ओळ. ही बाजू वर. खोक्यांवर लिहितात तसलं काहीतरी. कशाची बाजू, कशाच्या वर? त्यांनी मान वर करून पाहिलंही. डोक्यावरच्या फळीची खालची बाजू कोरी होती. त्या ओळीला अर्थ नव्हता, आगापीछा नव्हता. कोणीही शहाणा माणूस बनवून लिहायला बसला तर असं लिहिणार नाही.

नकलणारा माणूस सोपं ते अवघड कधी करत नाही.

त्यांनी हट्टानं पुन्हा ते वाक्य टाइप केलं, आई झोपली होती, आणि बटण दाबलं. पान फिकट झालं, पडदा काळा पडला. काळ्या काचेत त्यांचा चेहरा दिसला, खांद्यावरून खिडकीचा उजेड, आणि पाठीमागचं दार.

दारात कोणीतरी उभं होतं.

सडपातळ, तरुण. एक हात चौकटीवर, दुसऱ्यात काहीतरी बारीक आणि लांब. चेहऱ्याच्या जागी उजेड होता, पण ओठांशी काहीतरी काळं धरलेलं होतं. ते खोलीत बघत होतं, पण बघणं कुठं पोचत नव्हतं. डोक्यात अर्धं वाक्य असलेला माणूस बघतो तसं.

प्राध्यापकांना मागे वळता येईना. हाक मारावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं. आवाज निघाला, असं त्यांना वाटतं. पलीकडे अक्काच्या रेडिओवर कोणी तरी बोलत होतं. दारातल्यानं किंचित कान दिला, मग मान हलवली आणि वळून गेला.

ते वळले तेव्हा दार रिकामं होतं. भिंतीवर चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

६

बुधवारी साडेचारला ते चहाचे दोन कप घेऊन अक्काच्या खोलीत गेले. काखेत चौदा पानं होती. तेवढं एक वाक्य छापलेलं नव्हतं. तिथं त्यांनी बोटभर जागा कोरी सोडली होती. वाचताना तोंडानं म्हणून टाकू, असा विचार होता. संगणक चालला नाही, तरी जिभेला कोणी अडवलं होतं?

अक्कानं रेडिओ बंद केला. "वाच. मोठ्यानं वाच, कीर्तनकार नाहीस, कळलं, पण ऐकू यायला हवं."

त्यांनी वाचलं. आजार, औषधं. अक्का मध्ये मध्ये मान डोलावत होती. स्वतःच्या पत्रांचा भाग आला तेव्हा म्हणाली, "एवढी आगाऊ होते होय मी?" दहाव्या पानावर दुपार आली, शेजारची खोली आली, दार आलं. आणि कोरी जागा.

"थांबलास का?"

"अक्का, चार वाजून गेले होते तेव्हा मी दारात आलो." त्यांनी पानं मांडीवर ठेवली. "ती झोपली होती, असं मी तुला सांगत आलो."

"हो. मग?"

"मी बघितलंच नाही गं. म्हणजे बघितलं, पण... माझं वाक्य अर्ध्यावर होतं. मी आत गेलो नाही. झोपली असेल, असं धरून चाललो. अर्ध्या तासानं चहा घेऊन गेलो तेव्हा..."

"म्हणजे जागी असेल," अक्का म्हणाली.

"असेल."

"हाक मारली असेल तिनं."

"मला वाटलं, रेडिओ आहे." हे त्यांच्या तोंडून निघून गेलं. ते आठवणीतून आलं की छापलेल्या कागदावरून, हे त्यांना तेव्हाही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही.

अक्कानं कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पन्नास वर्षं मला झोपेचं औषध पाजलंस की रे, पोथ्या."

त्यांनी नाक ओढलं.

"रडू नकोस. तुला रडता येत नाही, नुसतं नाक वाजतं." तिनं स्वतःचा पदर डोळ्यांना लावला. "पुस्तकाबाहेरचं तू काय कधी धड बघितलंस? मला काय ते माहीत नव्हतं? पण तू सांगत होतास, म्हणून धरून बसले. सोपं होतं ना ते." तिनं श्वास घेतला, सावकाश, छातीला जपत. "आता एक कर. उद्या मला आत नेतील आणि मग परत खाटेवर आणून ठेवतील. डोळे मिटलेले असले तरी तू दारातून परत फिरू नकोस. आत ये, खुर्ची ओढ आणि बस."

"येतो."

"येतो म्हणतोयस खरा."

रात्रीच्या जेवणाआधी ते संगणकापाशी गेले. कोऱ्या जागेत त्यांनी लिहिलं: मी दारात आलो. आई झोपली होती की जागी होती, हे मी पाहिलं नाही. बटण दाबताना त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पान होतं तसंच पांढरं शुभ्र होतं. मजकूर सेव्ह झाला होता.

डावीकडच्या पट्टीत चार-दहाची एक प्रत अजून उरली होती. ती त्यांनी उघडली नाही. त्यांच्यासारख्या माणसानं एक प्रत न वाचता सोडावी, हे त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

७

गुरुवारी ते दारातून आत गेले आणि बसले. अक्का शुद्धीवर आली तेव्हा पहिलं वाक्य बोलली ते असं: "खुर्ची जरा लांब घे, पानसुपारीला बसल्यासारखा अंगावर बसलायस."

त्यानंतर ती तीन वर्षं जगली. संगणकानं पुढं कधी त्रास दिला नाही. ते सगळं डोळ्यांचा थकवा, काळजी आणि एक बिघडलेली फाइल यांनी मिळून घडवलं, असं प्राध्यापकांनी स्वतःला बऱ्यापैकी पटवलं होतं. दिवसा ते पटायचंही.

अक्का गेल्याच्या पुढल्या वर्षी घराचं रंगकाम काढलं. रंगारी बोलका होता. त्यानं शब्दकोश उतरवले, खाकी कागद फाडला, स्क्रू काढून फळी खाली घेतली.

"आजोबा, तुमचा सुतार बाकी शिस्तीचा," तो म्हणाला. "वरच्या बाजूला लिहून ठेवलंय, ही बाजू वर. आणि तश्शीच लावलीय."

प्राध्यापक जवळ आले. सुताराच्या जाड पेन्सिलीनं, बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं. कागदाखाली राहिल्यामुळे ते काल लिहिल्यासारखं ताजं होतं.

"पण आधी कुठंतरी उलटी ठोकली होती बघा," रंगारी म्हणाला. "याच अंगाला जुन्या ब्रॅकेटांचे डाग आहेत, आणि स्क्रूची बुजवलेली भोकं. म्हणजे लिहिलेली बाजू तिकडं खाली होती. कुणाच्या तरी डोक्यावर." त्याला हसू आलं. "लिहून ठेवायचं आणि तरी उलटं लावायचं!"

आईच्या उशाशी ती फळी शेवटच्या महिन्यात लावली होती, रेडिओ आणि औषधांसाठी. तिचा हात पोचावा म्हणून मुद्दाम खाली, उशीपासून हातभर उंचीवर. खोलीत उभ्या असलेल्या माणसाला फळीची खालची बाजू दिसणं शक्य नव्हतं. त्या खाटेवर आईशिवाय कोणी पडलेलं प्राध्यापकांना आठवत नाही. पण त्यांना काय आठवतं, याला पुरावा नाही, म्हणून त्यांनी उरलेला एक आक्षेप तपासून घ्यायचं ठरवलं.

त्यांनी रंगाऱ्याला फळी आपल्या पलंगाच्या उशाशी, हातभर उंचीवर धरायला सांगितली. लिहिलेली बाजू खाली.

"काय आजोबा, माप घेताय?"

"हो," ते म्हणाले आणि उताणे निजले. मग त्यांनी चष्मा काढून छातीवर ठेवला.

चष्म्याशिवायही ते स्पष्ट वाचता येत होतं.